कोपरात अडकलेली शिट्टी

मी पितळेची जुनी शिट्टी आहे, मित्रांनो, अंगठ्याएवढी. पोटात बुचाची एक गोळी आहे, ती नाचली की माझा आवाज घुमतो.

तीस वर्षं मी पोहण्याच्या तलावावर मास्तरांच्या गळ्यात होते. कुणी खोल पाण्याकडे सरकलं की मी कडाडायचे आणि पन्नास पोरं जागच्या जागी थांबायची. मास्तरांची लेकही माझ्याच धाकात पोहायला शिकली. पुढे मास्तर निवृत्त झाले आणि मी खिळ्यावर धूळ खात पडले.

मग मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. लेकीने मला पुसून पुन्हा त्यांच्या गळ्यात घातलं. पाणी हवं असो की कूस बदलायची असो, ते मला तोंडाच्या डाव्या बाजूला धरून फुंकायचे आणि ती हातातलं काम टाकून यायची.

एका सकाळी तिने त्यांना तोंड धुवायला बेसिनशी खुर्चीत बसवलं होतं. जाळी घासायला काढलेली. ती टॉवेल आणायला वळली आणि माझी जीर्ण दोरी तुटली. मी थेट भोकात! मास्तरांनी डावा हात घातला, पण बोटं पोचली नाहीत. मी नळीच्या वळणात आडवी बसले, काळोखात, साबणाच्या चिकट पाण्यात.

लेकीने अंथरूण झटकलं, खाटेखाली शोधलं. मास्तर बेसिनकडे हात करत, तर तिला वाटे, पुन्हा तोंड धुवायचंय.

माझ्याभोवती केसांचा गुंता जमला आणि दुसऱ्या दिवशी बेसिन तुंबलं. तिने कढत पाणी ओतलं; मला चटके बसले, गुंता हलला नाही. शेजारीण सांगून गेली म्हणून खायचा सोडा आणि वर व्हिनेगर ओतलं. फेस फसफसत माझ्या पोटात शिरला, पण पाणी थेंबाथेंबानेच उतरे. रबरी पंपाच्या हिसक्यांनी तर मी आणखी घट्ट रुतले. हाक तरी कशी मारणार? मला फुंकणारा पलीकडे खाटेवर होता.

तिसऱ्या दुपारी लेक गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मास्तर हाताने खाट ठोकत राहिले. मग मला धप्प असा आवाज ऐकू आला. पाण्याच्या पेल्याकडे सरकताना ते खाली घसरले होते. लेक आली तोवर बराच वेळ गेला होता. त्यांना उचलून बसवलं आणि ती भिंतीला टेकून रडली.

संध्याकाळी ती थकून म्हणाली, “बाबा, उद्या तेजाब आणून ओतते. आत असेल ते जळून जाईल.”

मास्तर डाव्या हाताने उजव्या कोपरावर थापट्या मारू लागले. पडल्यावर लागलं असेल म्हणून तिने मलम आणलं. त्यांनी ते ढकललं, बेसिनकडे बोट केलं, डावा हात कोपरात वाकवून दाखवला. पुन्हा बोट, पुन्हा कोपर. तिने बेसिनखाली वाकून पाहिलं. नळी अगदी तशीच वाकलेली होती.

“शिट्टी?” तिने विचारलं.

मास्तरांनी डोळे मिटून मान हलवली.

खाली बादली ठेवून तिने वळणाचे आटे सोडवले. काळ्या पाण्याबरोबर मी बाहेर आले. तिने मला घासूनपुसून नव्या दोरीत ओवलं. बुचाची गोळी पाण्याने फुगली आहे. आता मी घुमत नाही, नुसती फुसफुसते. पण परवा मास्तरांनी मला तोंडाला लावण्याआधीच ती दारात उभी होती.

मित्रांनो, बेसिनला जाळी लावून ठेवा आणि तेजाबाची घाई करू नका. आधी वळण उघडून बघा. आणि घरात कुणाची वाचा गेली असेल, तर त्याच्या हातांकडे बघत जा. मास्तर तीन दिवस सगळं सांगतच होते.