आत जागा आहे

“काकू, चहाला उकळी आली. गॅस बंद करू?” मदतीला आलेल्या चष्मेवालीनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. डोळे घड्याळावर आणि कान जिन्याकडे, अशी माझी अवस्था होती.

“कर ना बाई! मला काय विचारतेस?”

ती गोंधळून बघायला लागली. तिचंही बरोबरच होतं. आठवडाभर संस्थेच्या खोलीत या कॉलेजच्या पोरांना मीच शिकवत होते, की मेळाव्याला येणाऱ्या माणसांशी आवाज चढवून बोलायचं नाही. कोणी मनानं थकलेलं असतं, कोणाच्या घरात कोणी आजारी असतं. हळू बोला, घाई करू नका, त्यांना कामं सांगू नका. पोरं गुणी. इतकं हळू बोलायला शिकली, की त्यांचं त्यांनाच ऐकू जाईना.

माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. आज हे येणार होते.

हे म्हणजे आमचे यजमान. बसचे कंडक्टर. उभ्या आयुष्यात खालच्या आवाजात बोलले नाहीत. घरात जेवायला बसले तरी मुलांना “सरका, सरका” करायचे. दीड वर्षापूर्वी एका सकाळी बॅग खांद्याला अडकवली आणि उंबरठ्यावरच बसले. ते बसलेच. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, झोप परत आली, हे काही परत आले नाहीत. दिवसभर खिडकीशी. दर महिन्याला मी म्हणायची, आमच्या मेळाव्याला या, नुसते बसा. हे “बघू” म्हणायचे, तेही भिंतीकडे बघून. आज सकाळी मात्र म्हणाले, “येतो. मागच्या रांगेत बसेन. कोणाला सांगू नकोस.”

म्हणून मी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तिथेच घोळ झाला.

सभागृहातून लंबूचा आवाज आला. लंबू म्हणजे या पोरांचा म्होरक्या.

“काय काका, किती वाट बघायची? खुर्च्या तशाच पडल्यात! चला, उचला!”

खुर्च्या लावणारा माणूस एकदाचा उगवला वाटतं, म्हणून मी चहाच्या खोलीतून डोकावले, आणि पायांखालची जमीनच सरकली. खुर्च्यांच्या थप्पीपुढे हे उभे. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या जिन्यानं आले असणार. आणि मागच्या जिन्यानं येतो तो कामाचा माणूस, हे पोरांचं गणित.

मी धावणारच होते. तेवढ्यात यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

मग एक खुर्ची उचलली. मग दोन एकदम.

“अशा नाही हो काका, गोल लावायच्यात,” लंबू म्हणाला.

“गोल? मग त्यात मागची रांग कुठली?”

“गोलाला मागची रांग नसते. तुम्ही लावा हो!”

“नसते म्हणे,” असं पुटपुटत यांनी गोल लावायला घेतला. दीड वर्षात हे माझ्याशी एका दमात इतकं बोलले नव्हते. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला सांगू, थोडा रागही आला.

लोक यायला लागले. दरवेळची तऱ्हा तीच. सगळे दारात घोटाळतात, पहिली खुर्ची कोणालाच नको असते. चष्मेवाली कुजबुजत होती, “या ना… सावकाश या…” आणि जो तो सावकाशच येत होता. बघता बघता जिना तुंबला.

“चला, आत सरका! दारात गर्दी नको! आत जागा आहे!”

गाळणी माझ्या हातातच राहिली. तोच आवाज. माणसं दचकली, हसली आणि सरकली. एका आजींनी विचारलं, “तिकीट काढायचं का हो?”

“म्हाताऱ्यांना माफ आहे.”

“म्हातारी कोणाला म्हणतो रे?” आजी फणकारल्या आणि हशा पिकला. मला रडूच फुटलं. चहा गाळायचं निमित्त करून मी पाठ फिरवली.

एवढ्यात खरा खुर्च्यावाला आला, उशिराची कारणं सांगत. लंबूनं त्याच्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. पोरगं सरळ मनाचं. यांच्यापाशी गेलं, मान जराशी कलती केली आणि शिकवल्याप्रमाणे आवाज अगदी खाली आणला.

“काका, माफ करा हं. मला वाटलं, तुम्ही इथं कामाला आहात. आता काही करू नका. बसा. पाणी आणू? बरं वाटतंय ना?”

यांच्या हातातली खुर्ची खाली आली. दाराजवळ तीच टेकवून हे तिच्यावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, घरी खिडकीशी बसतात तसे. नजर जिन्याकडे. आता उठतील, जिना उतरतील आणि पुन्हा कधी चढणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं.

आणि तो आवाज लंबूचा नव्हताच. माझा होता. पाणी आणू? बरं वाटतंय ना? दीड वर्ष घरात दुसरं बोललेय काय मी?

“अहो!” मी केवढ्यांदा तरी ओरडले. सगळं सभागृह वळलं. “बसलात काय तिथे? किटली कोण आणणार? मी एकटी कुठे कुठे पुरी पडू?”

पोरं गार पडली. चष्मेवालीनं तर तोंडावर हातच ठेवला.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जिन्याकडे. मग उठले.

“आणतो ना. चारचौघांत ओरडतेस कशाला?”

दीड वर्षातलं आमचं पहिलं भांडण.

किटली मोठी, काठोकाठ भरलेली. गोळ्यांमुळे यांचे हात कापतात. झाकण खडखडत होतं, चहा बाहेर उडत होता. लंबू मदतीला पुढे झाला, त्याला मी डोळ्यांनीच थांबवलं. हे एकेका खुर्चीपाशी थांबत होते, कप भरत होते, निम्मा बशीत सांडत होता, आणि ज्याला त्याला “सांभाळून, गरम आहे” म्हणत पुढे सरकत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.