सगळ्यांबरोबर वर गेलेला हात

बर्निसचा अंगठा हनुवटीला टेकलेला, बाकीची चार बोटं पंख्यासारखी पसरलेली—आणि तो हात वाचनालयातल्या पडद्यावर तसाच थिजून राहिला. खुणांच्या भाषेत आई. म्हणजे ती तिच्या आईबद्दल काहीतरी सांगत होती. आईचं काय... पुन्हा इस्पितळात नेलं, घरी आणलं, की... मात्रोना खुर्चीत पुढे सरकली, जणू ती जवळ गेली की हात हलणार होता. पडद्याच्या मधोमध वर्तुळ फिरत राहिलं. मग बर्निसचा चेहराच फुटला, चौकोन चौकोन झाले, डोळा एकीकडे, ओठ भलतीकडे, आणि हात तर उरलेच नाहीत, नुसता तपकिरी चिखल.

ऐकणाऱ्या माणसांना अशा वेळी निदान आवाजाचे तुकडे तरी मिळत असतील. मात्रोनाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वर्षी आलेल्या तापानं तिचे कान नेले ते नेलेच. तिच्यापुरतं एवढंच खरं होतं—हात थांबले की माणूस थांबतं.

खांद्याला बोट लागलं. वाचनालय सांभाळणारी विनीफ्रेड. दात दाखवायला आल्यासारखं तोंड उघडून ती बोलली, "शाळेत परीक्षा आहे आज. नेटची लाईन तिकडे गेली सगळी." आणि मग, मात्रोनाला कळलं नसेल असं वाटून, तेच पुन्हा, आणखी मोठ्या तोंडानं. मात्रोनानं मान हलवली.

बाहेर फळ्यांच्या वाटेवर बर्फाचा पातळ थर होता. नदी अजून पुरती गोठली नव्हती. काठाकाठानं पांढरी आणि मध्ये काळी, वाहती. होडी चालायची नाही आणि बर्फावरची गाडीही नाही, असे हे दिवस. ती सावकाश पावलं टाकत दवाखान्याकडे निघाली, बहिणीच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या.

दर गुरुवारी सकाळी बर्निस. दूर अँकरेज शहरातल्या मूकबधिर शाळेत दोघी एका खोलीत राहिलेल्या, एका पांघरुणाखाली बॅटरी लावून एकमेकींचे हात वाचलेल्या. मग मात्रोनाची आई आजारी पडली आणि ती गावी परतली, ती कायमचीच. गावात खुणांची भाषा येणारं दुसरं कोणी नाही. ओलिंकाशी, थोरल्या बहिणीशी, लहानपणी घरात जुळवलेल्या खुणा होत्या तेवढ्याच—खा, मासा, वारा, झोप, चांगलं, वाईट. त्यांच्यावर संसार चालतो. पण काल मला उगीचच रडू आलं, आणि का ते अजून कळत नाहीये—हे सांगायला त्या पुरत नाहीत.

फोनवर लिही की, असं सगळे म्हणतात. फोनच्या तोकड्या रेंजवर हलतं चित्र काही चालत नाही, अक्षरं तेवढी जातात. आणि अक्षरं इंग्रजी, शाळेत छडीखाली शिकलेली. त्यांत बर्निसच्या भुवया नसतात, थट्टा करताना तिचा खांदा उडतो तो नसतो. भूक लागलेल्या माणसाला 'मासा' हा शब्द वाचायला द्यावा, तसं ते.

मध्यंतरी वाचनालयाच्या दारावर सूचना लागली होती. सरकारचा जो निधी शाळांना, वाचनालयांना, खेड्यांतल्या दवाखान्यांना इंटरनेटसाठी मिळतो, त्याला मर्यादा आहे. मागणारे जास्त झाले, म्हणून सगळ्यांचा वाटा कापला. इंग्रजीत या मर्यादेला आणि टोपीला एकच शब्द. मात्रोनानं बर्निसला विचारलं होतं, "निधीला टोपी? कशाला, थंडी वाजते त्याला?"

बर्निस खुर्चीत मागे पडून हसली होती. "अगं वेडे, टोपी आपल्याला घातलीय!" आणि दोघी हसत सुटल्या होत्या, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत... किती हसू आलं होतं मला त्या दिवशी.

दवाखान्यात इव्होन एकटाच होता. गावातलाच पोरगा, आता आरोग्यसेवक. कोपऱ्यात तो कॅमेरा होता, ज्यातून अँकरेजची डॉक्टरीण ओलिंकाच्या नातीची छाती तपासते. लहानग्या आगाफियाच्या हृदयाला भोक आहे. गोळ्या देऊन झाल्यावर इव्होननं तिला थांबवलं. त्याला बोटांची अक्षरं येत, तेवढीच, लाजत, चुकत, एकेक जुळवत त्यानं म्हटलं, "आ—भा—र."

तिनं भुवया उंचावल्या. कशाबद्दल?

मग तो बोटांनी आणि तोंडानं मिळून सांगू लागला. "गावच्या बैठकीत. तुम्ही हात वर केलात ना... वाचनालयाची लाईन बंद करून ते पैसे दवाखान्याला द्यायचे म्हणून. तुम्हाला ते किती जड गेलं असेल, मावशी. सगळ्यांनी पाहिलं. वसिलीआजोबा म्हणाले, बघा, हिनं हात वर केला, आता आपण काय बोलायचं."

ती हसली. मान हलवली. ही मान! जन्मभर हलत आलेली—न कळलेल्या विनोदांना, न ऐकलेल्या प्रार्थनांना, दुकानात, चर्चमध्ये, मयताला... समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून हलणारी ही मान.

"पहिल्या तारखेपासून बंद होणार," इव्होन म्हणाला. तिनं त्यालाही मान हलवली.

बैठक. पानगळीचे दिवस होते, खोलीत ओल्या कोटांचा वास. पुढे बसलेल्यांच्या पाठी, बोलणारा सारखा वेगळा, कुणाच्या ओठांकडे पाहावं हे कळेपर्यंत तो गप्प झालेला. मग हात वर गेले. ओलिंकाचा गेला. तिनं ओलिंकाकडे पाहिलं, ओलिंकानं खूण केली—चांगलं. मग तिचाही गेला. विमानतळाकडच्या फळ्या बदलायचं ठरतंय, असं तिला वाटलं होतं. आणि वर गेलेल्या त्या हाताचा तिला चक्क आनंद झाला होता. सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखा, एक हात.

वाटेत खिशातला फोन थरथरला. बर्निस. "आई बरी. सूप प्याली." तिनं ते चारदा वाचलं. आई बरी. कशी बरी—हसून बरी, की थकून? सूप स्वतःच्या हातानं प्याली का? अक्षरं मुकाट बसून राहिली.

घरी ओलिंका मासे साफ करत होती. मात्रोनानं गोळ्या ठेवल्या, तिचा ओला हात मनगटाला धरला आणि वर उचलला, बैठकीत उचलला होता तसा. मग स्वतःचा. मग विचारलं—काय?

ओलिंकाच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला कळलंय. तिनं हात सोडवून घेतला, पुसला, पुन्हा पुसला.

"मी काय सांगणार होते तुला?" ती बोलली, आणि मात्रोना तिच्या ओठांना डोळे लावून राहिली. "निधी, मर्यादा, वाटा... याला आपल्यात खूण आहे का एखादी? मी चांगलं म्हटलं. आगाफियासाठी चांगलंच आहे ते."

मात्रोनानं छातीवर मूठ आपटली. माझं. मग दोन्ही हात हवेत उघडले. माझं बोलणं.

"ठाऊक आहे मला! मी काय दगड आहे?" ओलिंकाचे ओठ थरथरले, नीट वाचता येईनात. "तुझं ऐकायचं तर पोरीचं काय करायचं? वरून तुकडाच एवढासा टाकलाय, त्यात आम्ही काय करणार... बरं, आता सांग. कळलं असतं, तर नाही म्हणाली असतीस?"

हेच. इथेच मात्रोनाचे हात खाली आले. नाही म्हणाली असती का ती? आगाफियाचे निळसर ओठ एकीकडे आणि गुरुवारची सकाळ दुसरीकडे... कदाचित तिनं स्वतःहून दिली असती, सगळ्यांच्या देखत उठून, काय देतेय ते पुरतं जाणून. कदाचित दिली नसती, आणि गावानं तोंड फिरवलं असतं. दोन्हीतलं काहीही तिचं असतं. आता लोक तिच्या त्यागाचं कौतुक करत होते आणि तो त्याग तिनं केलेलाच नव्हता. नकारही तिचा नव्हता, होकारही नाही.

ओलिंकानं रश्शाची वाटी पुढे सरकवली. खा. मात्रोना जेवायला बसली.

आठवडाभर जे घडे ते ती गुरुवारसाठी जुळवून ठेवी. विनीफ्रेडचं तोंड, कुत्र्यांची भांडणं, सगळं मनातल्या मनात हातांवर घडवून, कुठे थांबायचं, कुठे भुवई उडवायची हे ठरवून. आताही मन आपसूक जुळवायला लागलं होतं. इव्होनची लाजरी बोटं, माझी हलती मान, ओलिंकाचा ओला हात... बर्निस यावर काय म्हणेल... आणि मग ते मध्येच थांबलं. एखाद्या खोलीतून माणसं उठून गेल्यावर आपण तिथे बोलत राहावं आणि हळूहळू लाज वाटू लागावी, तसं.

समोरून ओलिंकानं विचारलं—चांगलं?

चांगलं, तिनं सांगितलं.

खिडकी हादरली. वारा, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं बर्निसच्या भाषेत नव्हतं. घरातल्या त्या तोकड्या खुणेत होतं, नुसता एक तळवा झुलावा तसं. मग—मासा. मग—झोप. एकेक, सुटं सुटं, एकाला दुसरं न लागता. ती थोडी घाबरली. पुढच्या विचाराची वाट पाहत राहिली, तो जरा मोठा असेल म्हणून.

खा, तिच्या मनानं म्हटलं. ती खात राहिली.