मामा बर्फात, पाहुणे मैदानात

सख्ख्या मामाला बर्फात घालून ठेवायचं आणि वर गावाला सांगायचं की हसतमुख राहा, असला मुलगा एनो अफ्राकोमाच्याच पोटी यायचा होता! आसिएदूचं वागणं म्हातारीला आता बघवत नव्हतं. तिचा भाऊ बोआदी जाऊन महिने लोटले, तरी तो अजून दवाखान्याच्या शवागारातच. पुरायचा शनिवार ठरला की आसिएदू तो पुढं ढकलायचा. आधी म्हणे रस्त्याचं डांबर व्हायचंय. मग म्हणे मैदानाचे दिवे यायचेत. आता म्हणे नेमके याच शनिवारी पाहुणे येणार.

पाहुणे म्हणजे साऱ्या आफ्रिकेच्या फुटबॉलस्पर्धेसाठी शहरं आणि मैदानं निवडणारी माणसं. स्पर्धा घानात व्हायची होती. अक्रा, कुमासी या मोठ्या शहरांना कुणापुढं हात जोडावे लागत नाहीत. उरली होती शेवटची एक जागा. ती आडुमक्रोमला द्यायची की किनाऱ्यावरच्या दुसऱ्या शहराला, हे ठरायचं होतं. आडुमक्रोमच्या समितीचा कारभारी आसिएदू.

"शनिवारी सगळं गाव काळ्या-तांबड्या कापडात," तो आईला समजावत होता. "रस्त्यात मांडव, कर्ण्यावर रडगाणी. पाहुणे उतरतील आणि म्हणतील, इथं काय खेळ करायचे?"

"का? त्या दुसऱ्या शहरात माणसं मरत नाहीत? जुनी झाली की धुऊन वाळत घालतात?"

"आई, मामांचीच इच्छा होती ना? स्टेडियमची जमीन त्यांनीच दिली."

"दिली. आणि देणाऱ्याला अंगाएवढा खड्डा द्यायला तुला शनिवार सापडत नाही."

"पुढच्या शनिवारी नक्की."

"तुझा पुढचा शनिवार मी ओळखते. लंगडा आहे तो. निघतो, पण पोचत नाही."

पण इच्छेचं तेवढं खरं होतं. बोआदी हातात कोयता घेऊन त्या जमिनीवरचं रान स्वतः तोडायचा. बांबूचे गोलखांब उभे करून पोरांना खेळवायचा, आणि जेवायची शुद्ध नसायची म्हणून तिनंच पामफळाचं सार आणि कुटलेल्या कंदाचा फुफूचा गोळा डोक्यावरून तिथं न्यायचं. "अफ्राकोमा, इथं एक दिवस परके देश खेळायला येतील," तो म्हणायचा. ती म्हणायची, "आधी जेव." आता परके देश दाराशी आले होते. आपल्या एका शब्दानं ते माघारी गेले तर? 

तिच्या बहिणीचा धाकटा मुलगा, ओफोरी, ट्रोट्रो चालवायचा. दर रविवारी तो वडापची ती गाडी शवागारापाशी थांबवून मामाला बाहेरूनच हाक घालून यायचा. "मावशी, सांगितलं मामांना, अजून जरा थांबा म्हणून." आसिएदू एकदाही गेला नव्हता. त्याला वेळ नव्हता.

शुक्रवारी तर त्यानं हद्द केली. माणूस गेला की त्याच्या फोटोचे कागद गावातल्या भिंतींवर लागतात. बोआदीचे सगळे कागद त्यानं खरवडून काढले आणि वर चुना फासला.

शनिवारी पाहुणे आले. म्होरकी बोत्सवानाची एक उंच बाई होती. तिचं बोलणं अक्राचा अधिकारी गावच्या भाषेत सांगत होता. त्यांनी गवतात बोटं खुपसून पाहिली, दिवे लावून पाहिले, खेळाडूंच्या खोल्यांतले नळ सोडून पाहिले. पाणी आलं. आसिएदूची छाती फुगली. कडेला वडीलधाऱ्यांत बसलेल्या अफ्राकोमालाही मनातून बरं वाटलं. ते तिनं चेहऱ्यावर दाखवलं नाही, इतकंच.

मग ती बाई फाटकापाशी थांबली. चुना वाळून त्याचे पापुद्रे निघाले होते आणि खालून एक कान आणि अर्धा चष्मा बाहेर आला होता. गावचा डिंक तो, खरवडूनही कागद पुरता सुटला नव्हता.

"हे कोण?"

"माझे मामा, घराण्याचे प्रमुख," आसिएदू घाईनं म्हणाला. "जमीन त्यांनीच दिली. पलीकडची सरावाच्या मैदानाची जागाही आमच्याच घराण्याची आहे."

"सरावाच्या जागेला घराण्याचा होकार आम्हाला तोंडी ऐकायचा असतो. ते कुठं आहेत?"

"वारले."

"मग त्यांच्या जागी कोण बसलंय?"

वडीलधाऱ्यांनी माना खाली घातल्या. आमच्याकडे बापाचं मुलाला जात नाही, मामाचं भाच्याला जातं. पण मेलेला मातीआड झाल्याशिवाय त्याच्या जागी कुणाला बसवत नाहीत, आणि कुणाला बसवायचं ते घराण्यातली थोरली बाई, म्हणजे अफ्राकोमा, सांगते. जागा रिकामी होती. ती आसिएदूनंच रिकामी ठेवली होती, शनिवारमागून शनिवार ढकलून.

"मी," आसिएदू म्हणाला.

बाईनं वडीलधाऱ्यांकडे पाहिलं. एकही मान हलली नाही, सगळ्यांचे डोळे मात्र अफ्राकोमाकडे वळले. मग ती तिच्यापुढं येऊन वाकली. "आई, हे बसलेत का त्या जागी?"

आसिएदूचे डोळे आईला विनवत होते. एक 'हो' म्हटलं की भावाचं मैदान जगाला दिसणार होतं. भिंतीवरचा अर्धा चष्मा समोरच होता. 

"नाही," अफ्राकोमा म्हणाली. "माझा भाऊ अजून जमिनीवर आहे. त्याच्या जागी कुणी बसलेलं नाही."

बाईनं हात जोडले, पाहिलं तेवढं कळवू म्हणाली, आणि गाड्या किनाऱ्याच्या रस्त्याला लागल्या.

धूळ खाली बसायच्या आत आसिएदू ओरडला, "एक शब्द, आई! एका शब्दानं गाव बुडवलंस!"

म्हातारी काठी टेकून उठली. तिचा आवाज फुटत होता, तरी साऱ्या गावाला ऐकू गेला.

"शब्द नव्हे, माती हवी होती. ती द्यायला तुला वेळ झाला नाही. येत्या शनिवारी माझा भाऊ मातीत जाईल. त्याच्या खुर्चीवर ओफोरी बसेल, आणि सरावाच्या जागेला हो म्हणायचं की नाही, ते तो सांगेल. तुझ्या नशिबानं ते लोक परत आलेच, तर फाटकात उभं राहून त्यांचं स्वागत तू कर, तुला ते छान जमतं. पण मामाच्या जागी, आसिएदू, तू बसायचा नाहीस."