तामूचा डफ

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. एका बाईच्या हातांची गोष्ट सांगतो. ऐकून तुम्हीही थक्क व्हाल.

मी शफशावन गावचा एक जुना डफ आहे. बकरीचं कातडं आणि अक्रोडाच्या लाकडाचं कडं, एवढाच माझा देह. पण बायकांच्या भजनी मेळ्यात तामूनं मला पहिल्यांदा हाती धरलं, आणि अल्लाचं नाव माझ्यातून असं घुमलं की माझा मलाच विश्वास बसेना! म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे. झोपलेली लेकरं उठून बसायची. काय ते बोटांतलं देणं!

पण याच तामूला हिवाळ्यात अंथरूण सोडवेना. दुपार टळली तरी झोप पुरी होईना. खाऊ लागली की मध-भाकरीवरून हात निघेना. हातपाय शिशाचे झालेत म्हणायची. कुणी जरा तोडून बोललं, तर ते कितीतरी दिवस उरात सलायचं. मात्र कुणाकडे बारसं निघालं, गाणं लागलं, की चेहरा उजळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशाच एका बारशाच्या दुसऱ्या दिवशी मेळ्याच्या म्होरक्या लल्ला बतूल तिला बोलवायला आल्या. सोबत मेळ्यातलीच रहीमो होती. ती दारातूनच म्हणाली, "काल तर घर डोक्यावर घेतलं होतंस! आज पायात शिसं? चुलीपर्यंत बरे चालतात गं पाय!"

तामूनं मला गुपचूप लल्लांच्या मांडीवर ठेवलं. "हा दुसरीला द्या, लल्ला. मी मेळा सोडते."



लल्लांनी मला रहीमोपुढे धरलं. "वाजव."

बाहेर धुकं दाटलेलं. मी भद्द वाजलो.

"ढोंगी मेला!" लल्ला म्हणाल्या. "काल कसा घुमत होता?"

"ढोंग कसलं, लल्ला?" रहीमो म्हणाली. "ओलीनं कातडं सैल पडलंय. निखाऱ्यावर शेकलं की बोलेल."

"डफाचं कळतं, आणि बाईचं कळत नाही होय गं?"

रहीमोची मान खाली गेली. लल्ला तामूकडे वळल्या. "आणि तू गं! नुसत्या शेकानं तुझं भागायचं नाही. उद्या तेतुआनला डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर. नाही म्हणालीस तर पाठीवर घालून नेईन."

"पाठ मोडेल तुमची," तामू म्हणाली, आणि हसता हसता रडली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा नैराश्याचाच एक प्रकार आहे. आनंदात मन उजळतं म्हणून आजार खोटा ठरत नाही. औषध सुरू झालं.

आता तामू पुष्कळदा उठते. कधी नाही उठत. लल्लांनी मला तिलाच परत दिलंय; मी उशाशी असतो आणि ते जड हात इंच इंच माझ्याकडे सरकताना पाहतो. मित्रांनो, डोंगर हलताना पाहिलाय कधी? मी पाहिलाय.

गेल्या शुक्रवारी ते हात पोहोचले नाहीत. पलीकडच्या घरात मेळा बसला होता. खिडकीतून रहीमोचा आवाज आला, "तिथं नको बसूस गं, तामूची जागा आहे ती. येईल तेव्हा येईल."

मित्रांनो, तुमच्याही ओळखीचं कुणी असं पडून असेल, तर त्याची जागा राखा, त्याला टोचून बोलू नका. आणि आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या तामूची आठवण ठेवा.