गुलाबी हिरडीची बेस गिटार

मित्रांनो, गिटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जी येते ती मी नव्हे. ती माझी धाकटी बहीण. सहा बारीक तारा, नाजूक गळा, आणि फोटोत कायम पुढे उभी. मी बेस गिटार. माझ्या तारा चारच, पण बोटांना घट्टे पाडतील इतक्या जाड, आणि आवाज इतका खालचा की गाण्यात मी नेमकी कुठे आहे ते तुम्हाला सांगता यायचं नाही. मी थांबले की मात्र गाणं पोकळ होतं आणि काय बिघडलं म्हणून मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. आता माझं वय झालंय. खरं सांगायचं तर बोलायलाही जिवावर येतं. पण तुम्ही बसलाच आहात, तर सांगते.

माझं धड एका झाडाचं आणि मान दुसऱ्याच झाडाची. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, तारांच्या ओढीनं मान वाकू नये म्हणून. मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या ठोकतात, त्यांना फ्रेट म्हणतात. कारखान्यात हे सगळं माझ्या अंगावर चाललं होतं तेव्हा मला फार अप्रूप वाटायचं. तेव्हा मी नवी होते ना.

माझा पहिला वादक दिवसा टपालाच्या थैल्या उचलायचा आणि संध्याकाळी एका बँडमध्ये मला वाजवायचा. आम्ही पुष्कळ हिंडलो. टाळ्या गाणारीला, फुलं गाणारीला, आणि सामान उचलायची वेळ आली की आम्ही. एकदा एका हॉलमधल्या खुर्च्या आवरणारा माणूस त्याला म्हणाला, "तुमची ही जाडी गिटार छातीत वाजते हो!" त्या एका वाक्यावर आम्ही दोघांनी बरीच वर्षं काढली. पुढे थैल्या उचलून उचलून त्याची पाठ गेली. मला गळ्यात अडकवून उभं राहणं त्याला जमेना, तेव्हा त्यानं मला विकलं. विकताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं.

मग मी हातोहात फिरले. एकानं मला हौसेनं नेलं आणि हौस फिटल्यावर खाटेखाली सरकवलं. दुसऱ्यानं गॅलरीत उभी करून मला काळा रंग फासला, तोही अर्धवट. शेवटी मी जुन्या सामानाच्या एका दुकानात कपाटाला टेकून उभी राहिले. दुकानदार माझ्या खुंट्यांवर छत्री अडकवायचा. माझ्या तारा तशाच ताणलेल्या होत्या. मित्रांनो, हे मध्येच सांगते, कारण नंतर मी विसरेन. वाजवायची नसेल तर आमची तार थोडी सैल करून ठेवावी. वाजवताना आमची मान वाकत नाही. नुसतं ताणून उभं ठेवलं की वाकते. माझी वाकली. तारांना गंज चढला, आवाजाचं बटण खरखरायला लागलं. मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांमधून जातात, ती छोटी पट्टीही फुटली. मी मनाशी म्हटलं, झालं आपलं. आता कुणाच्या उपयोगी पडायची हौस राहिलेली नाही. असंच धूळ खात उभं राहू.

पण ठकी आली.

ठकी म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारी बाई. वय झालेलं, केस मागे घट्ट बांधलेले, डोळे दिवसभर भिंगातून बघून लाल. तिचा मोठा भाऊ तिला लहानपणापासून ठकी म्हणतो, म्हणून सगळेच म्हणतात, मीही म्हणते. ती दुकानात टेबलफॅन बघायला आली होती आणि माझ्यापाशी थबकली.

"ही वाजते का हो?" तिनं विचारलं.

"वाजत असती तर इथे छत्री सांभाळत बसली असती का?" दुकानदार म्हणाला. "न्या बाई. जागा अडवून बसलीय. जमेल ते द्या."

पंखा राहिला आणि मी तिच्या घरी आले.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत स्वयंपाक, जेवण, ठकीची झोप. मागच्या खोलीत एक खाट, एक लाकडी कपाट आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला तिचा दादा. दादा एका मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. हॉटेलनं एके दिवशी गाणी वाजवणारं मशीन आणलं आणि बँडला घरी पाठवलं. गिटार हॉटेलची होती, ती तिथेच राहिली. दादा घरी आला, "जरा पडतो" म्हणाला, आणि पडला तो पडलाच. त्याला ताप नव्हता, कुठे दुखत नव्हतं. डॉक्टरांच्या गोळ्या तो मुकाट्यानं घ्यायचा. बोलणं मात्र दोनच शब्दांचं, "नको" आणि "ठेव".

ठकीला वाटलं, हातात गिटार आली तर हा उठेल. तेवढ्यासाठी तिनं मला आणलं होतं. मला तिची कीव आली. मी त्या माणसाची पाठ पाहिली आणि ओळखलं, हा आपल्याच जातीचा. ह्याला काही नको आहे.

पण ठकी हट्टी. नवं काही विकत आणायची ऐपत नव्हती, म्हणून जे हाताशी होतं त्यावर तिनं भागवलं. आधी तारा उतरवल्या आणि पातेल्यात उकळत ठेवल्या. तारांच्या वेढ्यांत साचलेला मळ उकळला की सुटतो, आवाज थोडा परत येतो, हे तिनं फोनवर बघितलं होतं. पातेलं खदखदायला लागलं तसा मागच्या खोलीतून आवाज आला, "काय शिजतंय?"

ठकीच्या हातातला चमचाच पडला. कित्येक महिन्यांत त्यानं आपणहून काही विचारलं नव्हतं.

"तारा," ती म्हणाली.

मग खाट करकरली. त्यानं फक्त कूस बदलली होती.

मग ती मला पिशवीत घालून कामावर न्यायला लागली. तिथे कवळ्यांची रांग लागलेली असायची, आणि दुपारच्या सुटीत त्या रांगेच्या शेवटी मी आडवी पडायचे. मालकांना सगळे मास्तर म्हणत. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "ठकीबाई, ह्या पेशंटचं तोंड फारच मोठं आहे हं!" ठकी हसायची नाही. तिला हसायलाही सवड नव्हती. सायकलवाल्याकडून पाना मागून आणून तिनं माझ्या मानेतली सळई रोज थोडी थोडी आवळली. घाई केली असती तर मी मोडले असते. मान हळूहळू सरळ झाली, आणि खोटं कशाला बोलू, फार दुखलं.

तिची खरी करामत फ्रेटवर. काही फ्रेट उंच झाले होते, तार त्यांना घासून करकर करायची. उंच नेमका कुठला हे डोळ्यांना दिसत नाही. कवळी बसवताना माणसाला एक निळा कागद चावायला देतात. जो दात उंच असेल त्यावर निळा डाग उमटतो, मग तेवढाच घासायचा. ठकीनं एक तार तात्पुरती चढवली, तोच कागद तिच्याखाली सरकवला, तार दाबली, आणि जिथे निळं उमटलं तिथे बारीक कानस फिरवली. मग कवळ्या चमकवायच्या चाकावर वापरतात त्या भुकटीनं फ्रेट असे घासले की त्यांत तिचं तोंड दिसायला लागलं. फुटलेल्या पट्टीच्या जागी तिनं नवी घडवली, हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी प्लास्टिकची, आणि उकळलेल्या चारही तारा पुन्हा चढवल्या. रोज संध्याकाळी ती मला पाठीवर टाकून घरी यायची, भाजी चिरायची, दादाच्या पाठीशी बोलायची आणि भांडी घासता घासता उभ्याउभ्या पेंगायची. तिला कुणी विचारत नव्हतं, तू दमलीस का.

सुटीच्या दिवशी दुपारी तिनं मला मागच्या खोलीत नेलं.

"दादा, बघ तरी काय आणलंय."

"कुणी सांगितलं होतं?" तो भिंतीला म्हणाला.

"कुणी नाही."

"मग ने परत. गिटार नाही म्हणून मी पडलोय, असं वाटलं तुला? ती मिळाली की उठून नाचेन?"

ठकी स्टुलावर बसली. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. तिचा आवाज चढला.

"मग कशासाठी पडलायस ते तरी सांग! तुझ्या पाठीशी बोलून बोलून माझं तोंड दुखलं. मला ही विद्या येते का? तरी केलं. बोटं सोलून निघाली. मीही दमते रे, दादा! मलाही पडावंसं वाटतं. पण मी पडले तर आपल्याला उठवणार कोण?"

आणि रागाच्या भरात तिनं अंगठा माझ्या चारही तारांवरून वरून खाली खर्रकन ओढला.

दादाची पाठ ताठ झाली. तो वळला. मी त्याचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला, दाढी वाढलेली, डोळे खोल.

"पुन्हा ओढ," तो म्हणाला.

तिनं ओढला.

"ठके, अगं तारा उलट्या लावल्यास! जाडी वर असते. तू खाली लावलीस."

"असं कसं? चित्रात बघून लावल्यात." ती बोलता बोलता थांबली. तिच्या कामात समोरच्याचा डावा दात तिच्या उजव्या हाताला येतो. म्हणून चित्रातलं डावं ते उजवं धरायचं, ही तिच्या हाताची जन्माची सवय. तिनं माझं चित्रही तसंच वाचलं होतं, तोंड वाचावं तसं. आणि त्याच हिशेबानं गुलाबी पट्टीत खाचाही उलट्या कापल्या होत्या.

"आणि हे गुलाबी काय?" दादानं बोट लावलं.

"हिरडी," ती खालच्या मानेनं म्हणाली.

दादाच्या घशातून कसलासा आवाज आला. मी घाबरले. मग कळलं, तो हसत होता. फार दिवस न वापरलेलं हसू, आधी खरखरलं, मग मोकळं झालं. "गिटारला हिरडी बसवली हिनं! उद्या खळखळून चूळ भरायला लावशील!" ठकीलाही हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडली ती रडलीच.

दादा उठून बसला. "खाचा पुन्हा कापायला लागतील," तो म्हणाला. "तुला एकटीला जमायचं नाही." आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर तिच्या कामावर जायला बाहेर पडला. अर्ध्या वाटेत त्याला धाप लागली, एका पायरीवर बसावं लागलं. पण आला. तो तारेची जाडी दाखवायचा, ती कापायची. नवी पट्टीसुद्धा गुलाबीच झाली. दुसरा रंग तिथे दातांचा होता, आणि तो दादाला नको होता.

मित्रांनो, त्यानंतर सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. नवी पट्टी बसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला. हॉटेलनं त्याला बोलावलं नाही, बोलावणारही नाही. मीही काही नवी झाले नाही. माझा काळा रंग अजून अर्धवटच आहे आणि सकाळी माझी मान दुखते. पण आठवड्यातले काही दिवस तो उठतो. ते दिवस मोजायचे नाहीत, असं ठकीनं ठरवलंय.

अशाच एका सुटीच्या दुपारी त्यानं मला मांडीवर घेतलं. आवाज मोठा करायचं यंत्र आमच्याकडे नाही. त्यानं माझं डोकं लाकडी कपाटाला टेकवलं आणि जाडी तार छेडली, तसं अख्खं कपाट घुमलं. ठकी कपड्यांच्या घड्या घालत कपाटालाच टेकून जमिनीवर बसली होती. "अगं बाई," ती म्हणाली, "पाठीत वाजतंय." तो वाजवत राहिला, सावकाश, चारच सूर. तिच्या हातातली घडी अर्धीच राहिली. मान कलंडली. ठकी भरदिवसा झोपली होती.

दादाची बोटं मऊ पडली होती, त्यांना फोड आले. मला कळत होतं, त्याला थांबायचंय. पण थांबलो तर ही जागी होईल, म्हणून तो थांबेना. तेवढ्यात तिचा फोन वाजला. डाव्या हातानं त्यानं तो पटकन उचलला, उजवा हात तारेवरच ठेवून. पलीकडे मास्तर होते, कुणाची तरी कवळी मोडली होती, ठकीबाईंना पाठवा म्हणाले.

"ती झोपलीय," दादा हळूच म्हणाला. "आज नाही येणार."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आमच्यासारख्यांनी शेवटी असं सांगायचं असतं, आणि ते खोटं नाही. पण तुमच्या घरात कुणीतरी एकजण असेल, जे मोडलेलं सगळं सांधत बसतं. त्याच्याकडे एकदा नीट बघा. हातातलं काम काढून घ्या, आणि त्याच्यासाठी कुणी आलं तर दारातच सांगा, झोपलाय, आज नाही येणार.