सात तारा

"हा नको. ह्याचा झोत नुसता डोळ्यांत घुसतो," म्हणत अप्पांनी टॉर्च काउंटरवर परत ठेवला.

"अहो, हा तर अर्ध्या किलोमीटरवर उजेड फेकतो!" दुकानदार जरा दुखावलाच.

"मला अर्ध्या किलोमीटरवरचं बघून काय करायचंय? मला वीतभर अंतरावरचं दिसायला हवं."

शेजारी उभा असलेला लंबू हसला. साडेसहा फुटांचा तो माणूस दुकानाच्या दारातून वाकून आत आला होता आणि आता छताच्या पंख्याला घाबरून मान तिरकी करून उभा होता. एकवीस वर्षं तो अप्पांचा कामावरचा जोडीदार होता. टॉर्च घ्यायची कल्पना त्याचीच, आणि आज सुट्टीच्या दिवशी अप्पांना इथवर घेऊन येणाराही तोच.

"खिशात मावेल एवढा दाखवा," लंबूने दुकानदाराला समजावलं. "चार्जिंगचा. पाठीला लोहचुंबक पाहिजे, म्हणजे लोखंडाला चिकटवला की दोन्ही हात मोकळे. आणि तासाभरात मान टाकणारा नको."

"आणि उजेड पांढराफटक नको," अप्पा म्हणाले. "पांढऱ्यात गंज आणि ग्रीस दोन्ही काळीच दिसतात. जरा पिवळसर असला की गंज लाल उठून दिसतो."

दुकानदाराने चार टॉर्च मांडले. लंबूने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. जुन्या लिफ्टच्या दोराचा हातभर तुकडा होता तो, टाकून दिलेल्या दोरातून कापून आणलेला. अप्पांना फार बरं वाटलं. टॉर्च निवडायचा तर तो खऱ्या दोरावरच पारखायला हवा, हे या बाबाला न सांगता सुचलं.

दोघे मागच्या अंधाऱ्या गोदामात गेले. अप्पांनी एकेक टॉर्च पेटवून दोरावर धरला, तिरका केला, जवळ नेला, लांब नेला. पहिल्यात तुटलेल्या तारा दोन दिसल्या. दुसऱ्यात तीन. तिसरा मुठीत धरवेना इतका तापला. चौथा बोटभर लांबीचा, ओबडधोबड, पण त्याचा उजेड मऊ होता. अप्पांनी मान किंचित बाजूला वळवली, डोळ्याच्या कडेने दोराकडे पाहिलं आणि सावकाश मोजलं.

"चार. बरोबर?"

लंबूने दोराचा तुकडा पुन्हा फडक्यात गुंडाळला.

"बरोबर," तो म्हणाला. "हाच घ्या, अप्पा."

अप्पांनी तो घेतला, आणि घरी जाताना वाटेत त्यांनी लंबूला आग्रह करून दोनदा चहा पाजला.

अप्पा लिफ्ट तपासायचे. अठ्ठावीस वर्षं तेच काम. लिफ्टचा डबा चार-पाच पोलादी दोरांवर लटकतो, आणि प्रत्येक दोर शेकडो बारीक तारांना पीळ देऊन केलेला असतो. वापराने त्यातली एखादी तार तुटते, मग दुसरी, मग तिसरी. ठरावीक लांबीत किती तुटल्या ते मोजायचं, आणि मर्यादेबाहेर गेल्या की दोर बदलायला लावायचा. काम म्हटलं तर एवढंच. पण बिनचुकीचं, कारण खाली माणसं असतात. अप्पांनी तपासणीच्या कागदावर सही केली की कंपनीच्या मॅडमसुद्धा तो कागद पुन्हा उघडून बघत नसत.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी अप्पांना न्हाणीघराच्या दाराची चौकट वाकलेली दिसली. त्यांनी सुताराला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. सुताराने ओळंबा लावून दाखवला. "चौकट सुतासारखी सरळ आहे, अप्पा. तुमचंच काहीतरी बघा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिलं. डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर डाग पडला होता. कडेचं दिसणार, पण जिथे नजर रोखावी तिथलंच धुरकट होत जाणार. औषधाने आहे ते टिकेल, गेलेलं परत यायचं नाही.

अप्पांनी ही गोष्ट बायकोला सांगितली नाही. ती घाबरेल, असं त्यांनी स्वतःची समजूत घालून ठेवली. सांगितली ती एकट्या लंबूला, एका सातमजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत डबा खाताना.

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी," अप्पा म्हणाले होते. "उजेड चांगला असला की दिसतं रे मला. सगळा उजेडाचाच प्रश्न आहे."

लंबूने हातातला घास डब्यात ठेवला होता. मग त्याने अप्पांच्या मनगटावर हात ठेवला.

"माझ्या तोंडून हे कुणाच्या कानावर जायचं नाही. शपथ आहे. आणि उजेडाचा प्रश्न ना? मग चांगला टॉर्च घेऊ की."

नवा टॉर्च आल्यावर अप्पांचं वय जणू दहा वर्षांनी कमी झालं. यंत्रखोलीत गेल्या गेल्या ते तो लोखंडी चौकटीला टक् करून चिकटवत, उजेडाची दिशा ठरवत आणि कामाला लागत. चिंधी दोरावरून फिरवून तुटलेल्या तारेला ती अडकते का बघत, मग डोळ्याची कड लावून मोजत. "वाचलो बघ तुझ्यामुळे," ते लंबूला म्हणत. लंबू मान हलवायचा.

एक मात्र नवीनच सुरू झालं होतं. काम संपलं की लंबू म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे, मी हत्यारं आवरून येतो." अप्पा खाली येऊन थांबत. दहा मिनिटं जात, कधी वीस. पूर्वी हत्यारं दोघं मिळून आवरत. अप्पांना वाटायचं, जिन्यावर आपल्याला सावकाश उतरता यावं, कुणाच्या डोळ्यांसमोर चाचपडावं लागू नये, म्हणून पोरगा मागे राहतो. पंचेचाळिशीच्या त्या माणसाला ते मनातल्या मनात पोरगाच म्हणत.

प्रसूतिगृहाच्या लिफ्टची तपासणी मंगळवारी झाली. अप्पांनी पाचही दोर ठीक असल्याचा कागद केला. लंबू नेहमीसारखा मागे राहिला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "पोट बिघडलंय," म्हणाला आणि चहालाही न थांबता निघून गेला.

गुरुवारी सकाळी मॅडमनी अप्पांना बोलावून घेतलं.

खोलीत लंबू आधीच बसलेला होता. अप्पा आत आले तसा तो उठून उभा राहिला, आणि का कोण जाणे, बसलाच नाही. मॅडमनी अप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं. अप्पांनी पाण्याला हात लावला नाही.

"अप्पा, प्रसूतिगृहाची लिफ्ट आपण मंगळवारी संध्याकाळीच बंद केली," मॅडम म्हणाल्या. "तिसऱ्या क्रमांकाच्या दोरात एकाच जागी अकरा तारा तुटल्या होत्या."

"शक्य नाही. मी स्वतः..."

"मी स्वतः वर जाऊन मोजल्या." मॅडमनी एक लहानशी वही पुढे सरकवली. "हे जरा बघा."

अप्पांनी वही उचलली. बारीक अक्षर होतं. त्यांनी ती लांब धरली, मग तिरकी केली. ज्या ओळीवर नजर रोखावी ती ओळ पुसल्यासारखी होत होती. भिंतीवरचं घड्याळ, खिडकीचे गज, लंबूचे बूट, सगळं कडेने दिसत होतं. फक्त हातातलं दिसत नव्हतं.

"चष्मा घरी राहिला," अप्पा म्हणाले.

मॅडमना खरं काय ते ठाऊक होतं. त्या हळूच लंबूला म्हणाल्या, "तुम्हीच वाचा."

"मॅडम, मी नको..."

"अक्षर कुणाचं आहे?" अप्पांनी विचारलं.

लंबूचे बूट जागच्या जागी सरकले, आणि तेच उत्तर होतं.

"वाच," अप्पा म्हणाले. "तूच लिहिलंस ना? मग तूच वाच."

लंबूने वही घेतली. त्याचा आवाज शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा येत होता. तारीख, इमारत, दोराचा क्रमांक, अप्पांनी सांगितलेल्या तारा, खऱ्या तारा. बँकेची लिफ्ट, दोन सांगितल्या, पाच होत्या. शाळेची लिफ्ट, एकही नाही म्हणाले, चार होत्या. प्रत्येक नोंदीखाली लिहिलं होतं, 'मी पुन्हा पाहिलं' किंवा 'मिस्त्रीला सांगून दोर बदलून घेतला.' पहिली नोंद गच्चीवरच्या त्या दुपारनंतर चौथ्या दिवसाची होती.

मध्येच लंबू अडखळला. एक ओळ गाळून पुढे जायला निघाला. मॅडमच्या ते ध्यानात आलं नाही, पण अप्पांचे कान धडधाकट होते.

"मधलं काय सोडलंस?"

"काही नाही, अप्पा."

"वाच म्हणतो ना."

लंबूने बोट पुन्हा त्या ओळीवर ठेवलं. "टॉर्चचं दुकान. कापून आणलेला तुकडा. सांगितल्या चार." तो थांबला. "होत्या सात."

अप्पांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि खुर्चीत बसल्याजागी कुणी आपल्याला उचलून आपटावं तसं झालं. ते अंधारं गोदाम, हातातला ऊबदार टॉर्च, 'बरोबर' म्हणणारा तो आवाज. टॉर्चची पारख करायला म्हणून ते तिथे गेले होते. लंबू त्यांची पारख करायला आला होता. आणि त्यांनी त्याला दोनदा चहा पाजला होता.

"काम जाणार नाही तुमचं," मॅडम सांगत होत्या. "तक्रारींच्या फोनवर तुमच्यासारखा जाणता माणूस हवाच आहे. नुसता आवाज ऐकून लिफ्टचं दुखणं ओळखणारं दुसरं आहे कोण? पगारही तोच राहील. एवढा अर्ज भरून आणा." आणि मग, कागदांची चळत नीट करता करता, "तपासणीची जागा तूर्त ह्यांच्याकडे राहील."

जिन्यात लंबूने अप्पांना गाठलं.

"अप्पा, ऐका तरी. पाच महिने डोळ्याला डोळा नाही माझ्या. तुमच्यामागून एकूण एक दोर मी परत मोजलाय. तुमचं नाव कुठे येऊ दिलं नाही. पण परवा तिथे खाली बायका पोटुशा उभ्या होत्या हो. अकरा तारा! मी एखाद्या दिवशी आजारी पडलो असतो तर?"

"तू मॅडमना सांगितलंस त्याचं मला काही नाही," अप्पा कठडा धरून म्हणाले. स्वतःचा आवाज एवढा शांत कसा, याचं त्यांनाच नवल वाटलं. "सांगायलाच हवं होतं. मीच सांगायला हवं होतं. पण त्या गोदामात मी तुला विचारलं, बरोबर का. तू सात म्हणाला असतास तर मी तिथल्या तिथे टॉर्च खाली ठेवला असता आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी मॅडमकडे गेलो असतो."

"गेला असता?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं.

"ते आता मलाही कधी कळायचं नाही," अप्पा म्हणाले. "तेवढी संधी द्यायची होतीस रे."

लंबूचा हात त्यांच्या कोपराकडे आला. अप्पांनी तो झिडकारला नाही. एक पायरी खाली उतरले, एवढंच.

घरी बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. भरदुपारी दारात नवरा पाहून तिने विचारलं, "बरं नाही का?"

अप्पांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डोळा, डॉक्टर, टॉर्च, वही. ती ऐकत राहिली. हातातला टॉवेल तिने तीनदा घडी करून तीनदा उलगडला.

"म्हणजे लंबूभावजींना पाच महिन्यांपूर्वी सांगितलंत," ती शेवटी म्हणाली.

"तू घाबरशील म्हणून..."

"तुम्ही चहा ओतताना कपाबाहेर सांडायला लागलात, तेव्हापासून मी किटली आधीच थोडी रिकामी करून ठेवते. औषधाच्या बाटलीला लाल दोरा बांधला, तो काय शोभेला? म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. आणि तुम्ही गच्चीवर बसून परक्याला सांगून मोकळे!"

अप्पा खाटेवर टेकले. घरी एक, कामावर एक. दोघंही आपल्याकडे बघत होती आणि दोघंही गप्प होती. त्यात फरक होता, मोठा फरक असणार. पण त्या दुपारी त्यांना तो नीट मांडता येईना. आणि लंबूने आपल्याशी जे केलं तेच आपण हिच्याशी केलं की काय, हा विचार मनात आला तेव्हा तर त्यांना मान वर करवेना.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

ती आत गेली, तोंड धुऊन आली, पदराने पुसलं. मग त्यांच्या पिशवीतून मॅडमनी दिलेला अर्ज काढून टेबलाशी बसली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली. नाव. वय. सेवेची वर्षं. सध्याचं काम. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. 'बदली मागण्याचं कारण' या ओळीपाशी ती थांबली.

"इथे काय लिहू?"

अप्पांनी थोडा विचार केला.

"लिही, दृष्टी कमी झाली आहे."

तिने लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढलं. मग कागद त्यांच्यापुढे फिरवला, पेन हातात दिलं आणि सही करायच्या जागेच्या सुरुवातीला आपलं बोट टेकवून धरलं. अप्पांनी त्या बोटाला पेन लावलं आणि तिथून उजवीकडे, अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने, एका दमात सही केली.

ती वाकून बघत होती.

"आली का ओळीवर?" त्यांनी विचारलं.

"जरा वर गेली," ती म्हणाली.