महादेवीचं गोंदण

ऐकताय ना, मित्रांनो? मी इथून बोलतोय, या फडताळातून, अल्बमच्या रिकाम्या खोक्यांमागून. ग्राफिक्स कार्ड म्हणतात मला. आता जुना झालोय. माझ्या दोन पंख्यांपैकी एक फिरतच नाही आणि दुसरा फिरला तर करकरतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुम्हाला जे जे दिसतं, ते रंगवण्याचं काम आमचं. ते मी इमानानं केलं. तरी माझ्या डोळ्यांदेखत एका बाईचा चेहरा पुसला गेला आणि मला बोटभर हलता आलं नाही. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. खोक्यातून डोकं बाहेर काढलं ते थेट लातुरात, एका क्लासच्या खोलीत. सरांनी फळ्यावर शिकवायचं, कॅमेऱ्यानं टिपायचं आणि मी ते नीटनेटकं करून द्यायचं. गावोगावची पोरं ते मोबाइलवर बघत. "कार्ड लई भारी हाय बरं का आपलं," असं सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि मी फुगून जायचो. मग एक दिवस माझ्याहून दांडगं कार्ड आलं. मला काढून वर्तमानपत्रात गुंडाळलं. जाताना फडकंसुद्धा मारलं नाही कुणी अंगावर.

मला घेतलं भागवतनं. हा मूळचा नायगावचा. लातुरात गंजगोलाईमागच्या बोळात त्याचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ. त्याची बायको तनुजा अल्बम चिकटवायची, गिऱ्हाईक सांभाळायची. भागवतला खरं तर नवंच कार्ड हवं होतं. पण दुकानदार म्हणाला, "नवं कार्ड घ्याल तर त्याला मोठा पॉवर सप्लाय लागतो. तो घ्याल तर मदरबोर्ड बदलावा लागंल." भागवत वैतागून म्हणाला, "मग माझ्या जुन्या कॉम्प्युटरचं काय ऱ्हातंय? नुसतं माऊस?" आणि तो मला घेऊन आला.

त्याच सुमारास त्यानं मोबाइलवर कुणाचं तरी बोलणं ऐकलं, की एआयचं एक सॉफ्टवेअर निघालंय, बटण दाबलं की जुनी धुरकट फीत काल काढल्यासारखी लख्ख होते. बोलणाऱ्यानं एवढं मात्र सांगितलं नाही, की त्या बटणाखाली माझ्यासारख्याचा जीव जातो. भागवतनं सॉफ्टवेअर घेतलं आणि दुकानावर पाटी लावली, ‘जुने व्हिडिओ नवे करून मिळतील.’

पाटी बघून आले गुरुबसप्पा. तेलबियांचे व्यापारी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी. सोबत त्यांची मुलगी शिवानी. तिचं लग्न ठरलं होतं. अप्पांच्या हातात रुमालात बांधलेली व्हिडिओ कॅसेट होती.

"हिच्यात हिची आई हाय," ते म्हणाले. "वेळ अमावस्येच्या पूजेला शेतात गेलो होतो, तवा हैदराबादच्या पाव्हण्यानं काढलेली. ही तवा झोळीत होती. पुढच्या उन्हाळ्यात महादेवी गेली. तापानं."

शिवानी हळूच म्हणाली, "घरात फोटो हाय आईचा, पण तो रंगवलेला हाय. मला तिला चालताना बघायचंय. लग्नात मोठ्या पडद्यावर लावायचंय. आई लग्नाला असल्यासारखं वाटंल."

"हाव, करून देतो की!" भागवत म्हणाला. तो मनाचा वाईट नव्हता, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगतो.

कॅसेटला बुरशी लागली होती. भागवतनं कापसानं ती पुसली आणि जुन्या व्हीसीआरमध्ये घातली. फीत एकदाच चालली. सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरलं आणि शेवटाला खरखर झाली, फीत आत गुंडाळली आणि तुटली. बाहेर काढली तर नुसता चुरगळा! भागवत घामाघूम झाला. मग म्हणाला, "असू दे, फाईल तर आलीय." म्हणजे आता महादेवी फक्त त्या एका फाईलमध्ये होती. बाकी जगात कुठंच नाही.

ती फाईल मी पडद्यावर रंगवली. धुरकट होतं सगळं, मधूनच मुंग्या धावत होत्या. पण दिसत होतं. कडब्याची खोपटासारखी कोपी, पुढ्यात भज्जीची, म्हणजे सगळ्या भाज्यांच्या कालवणाची पातेली, आणि डोक्यावर आंबिलाची मातीची बिंदगी घेऊन येणारी महादेवी. पदर खोचलेला. कॅमेरा दिसताच ती लाजली, हसली आणि म्हणाली, "आवं, मला काय काढायलाव? लेकीला काढा की माझ्या!" हसताना तिचा पुढचा एक दात आडवा दिसला. हनुवटीवर हिरवं गोंदण होतं, तीन ठिपके.

मग सुरू झाले आमचे हाल. सॉफ्टवेअर म्हणायचं, मेमरी अपुरी आहे. अरे, जेवढी आहे तेवढी देतोय ना! ते मधेच बंद पडायचं. भागवत पुन्हा सुरू करायचा. उरलेला वेळ कमी होण्याऐवजी वाढतच जायचा. त्यानं कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं, की आधी नवीन आवृत्ती घ्या. नवीन आवृत्ती आणखी जड निघाली. लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. मी एवढा तापलो, की त्यानं डब्याचं झाकण काढून समोर घरातला कूलर लावला. तनुजा म्हणाली, "आमी उकडून मरून राहिलो आन् ह्या डब्याला कूलर!" एकदा तर काय झालं, त्या शहाण्या सॉफ्टवेअरनं बिंदगीलाच माणसाचं तोंड समजून तिला दोन डोळे काढले. "आरं देवा, बिंदगी बघायली माझ्याकडं!" भागवत ओरडला. तनुजा हसून हसून खाली बसली. भागवतला मात्र रडू यायला लागलं होतं. लग्न तोंडावर आलं होतं आणि शिवानीचे फोन थांबत नव्हते.

शेवटी त्यानं फाईलचे तुकडे केले. आधी एका तुकड्यावर चाचणी घेतली आणि मग एक एक करत सगळे माझ्यातून काढले. आता आमच्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यांची एक सवय तुम्हाला सांगतो. नवरी असो, करवली असो, नाहीतर म्हातारी आजी असो, चेहरा गोरा आणि गुळगुळीत करायचाच. गिऱ्हाईकाला आवडतं म्हणतात. भागवतच्या बोटांना तीच सवय. त्यानं चाचणीपासूनच ‘चेहरा सुधारा’ची दांडी शेवटपर्यंत सरकवली. ना त्यानं कुणाला विचारलं, ना त्याला विचारावंसं वाटलं.

माझ्या पोटात गेली तेव्हा महादेवीच्या हनुवटीवर गोंदण होतं. बाहेर आली तेव्हा नव्हतं. दात सरळ झाला होता. गाल मेणासारखे झाले होते. अरे, थांबा! मी आतल्या आत ओरडत होतो. पण आमचं ओरडणं म्हणजे पंख्याची घरघर. भागवत म्हणाला, "आवाज लई करायलंय हे कार्ड."

मोठ्या पडद्यासाठी चित्र मोठं करायचं अजून राहिलं होतं आणि डिस्क भरली होती. भागवतनं मूळ फाईलवर बोट ठेवलं.

"आवो, मूळची ऱ्हाऊ द्या," तनुजा म्हणाली.

"कुठं ठेवू? डोक्यावर? चांगली साफ केलेली हाय की, त्या डागाळलेल्या फाईलला काय चाटायचंय?"

आणि त्यानं ती काढून टाकली. तिच्या जागेवर लगेच नवं मोठं चित्र लिहिलं जाऊ लागलं, म्हणजे ती परत मिळायची वाटही बुजली. आमची मेमरी कशी असते ठाऊक आहे ना? वीज गेली की सगळं कोरं. महादेवीला मी खऱ्या चेहऱ्यानं पाहिलं, एवढं मला कळतं. पण ती मला काढून दाखवता येत नाही. हे दुःख तुम्हाला कसं सांगू?

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा आणि शिवानी आले. भागवतनं ऐटीत व्हिडिओ लावला. चित्र काचेसारखं लख्ख. शिवानी तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. "किती सुंदर होती आई माझी!"

अप्पा पुढं वाकले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"ही कोण बाई हाय?"

"अप्पा, आई हाय की ही."

"न्हाई गं. महादेवीच्या हनुवटीवर गोंदण होतं. लग्नाआधी जत्रेत हट्टानं गोंदून घेतलेलं. दात आडवा होता तिचा. त्यावरनं चिडवायचो मी तिला." त्यांनी डोळे मिटले. व्हिडिओतला आवाज चालूच होता, "लेकीला काढा की माझ्या!" अप्पा म्हणाले, "डोळे मिटले की तीच हाय. उघडले की दुसरीच बाई. जुनं लाव बाबा, आधीचं."

तनुजानंच सांगितलं, की फीत तुटली आणि फाईलही गेली.

अप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि एवढंच म्हणाले, "तवा तापानं नेलं तिला. आता तुमी." शिवानीचं रडणं थांबलं होतं. ती पडद्याकडं बघत होती आणि तिला कळत नव्हतं, की एवढा वेळ आपण कुणासाठी रडलो.

भागवत वेड्यासारखा शोधायला लागला. पेनड्राइव्ह, जुन्या डिस्क, मोबाइल. काही नाही. तो टेबलावर डोकं टेकून बसला. तेवढ्यात तनुजा म्हणाली, "आवो, ती चाचणी? तुमी पयल्यांदा तुकडा काढून बघितला होता, त्यात आर्धं जुनं आन् आर्धं नवं दिसत होतं. ती कुठंय?"

ती होती! सॉफ्टवेअरनं कुठल्या तरी कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये टाकलेली. जेमतेम चार पावलांची, मुकी. पडद्याच्या मधोमध उभी पांढरी रेघ, उजवीकडं नवं, डावीकडं जुनं. मी होतं नव्हतं ते बळ लावून ती रंगवली. माझा एक पंखा त्याच वेळी कायमचा बंद पडला, तरी मी थांबलो नाही.

उजवीकडून ती मेणाच्या गालांची परकी बाई चालत आली. रेघेपाशी पोचली. आधी बिंदगी पलीकडं गेली, मग कपाळ, मग तोंड. आणि रेघ ओलांडल्याबरोबर ती धुरकट झाली, अंगावर मुंग्या धावू लागल्या, आणि हनुवटीवर तीन ठिपके दिसले.

"आली," अप्पा म्हणाले.

भागवतनं तेवढंच पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. शिवानीनं विचारलं, "कुठं अप्पा? कुठं होतं गोंदण?" अप्पांनी बोट तिच्या हनुवटीवर टेकवलं. "हितं."

लग्नात मोठ्या पडद्यावर तेवढाच तुकडा लागला, पांढऱ्या रेघेसकट. रेघ काढून देतो असं भागवत म्हणाला होता. अप्पांनी त्याला हातही लावू दिला नाही.

त्यानंतर भागवतनं सगळं डबडंच बदललं आणि मला इथं ठेवलं. राग मानून काय करू? पण काल माझा जीव पुन्हा टांगणीला लागला होता. शिवानीच्या लग्नाचा व्हिडिओ नव्या कार्डावर चालू होता. हळद लागलेली शिवानी पडद्यावर हसत होती, आणि तिच्या हनुवटीवर ताजे, हिरवे तीन ठिपके होते. पोरीनं लग्नाआधी गोंदून घेतलं होतं. सॉफ्टवेअरनं त्या ठिपक्यांभोवती चौकट काढली आणि विचारलं, डाग काढायचे का? भागवतचं बोट माऊसवर होतं. मी फडताळात विजेशिवाय पडलेलो. ओरडायला घरघरसुद्धा उरली नव्हती माझ्यात.

बोट तसंच राहिलं. मग भागवतनं माऊस सोडला आणि फोन उचलला. "अप्पा, भागवत बोलून राहिलो. शिवानीताईचा व्हिडिओ आलाय. मी कशाला हात लावलेला न्हाई. आधी तुमी येऊन बघून जा."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी फीत असेल, कळकट आणि मुंग्या आलेली. ती नवी करून घ्यायला माझी ना नाही. पण मूळची जपून ठेवा, डागांसकट. आणि ते तोंड ज्यानं जवळून पाहिलंय, असं कुणी घरात असेल, तर त्याला आधी हाक मारा. भागवतनं ती दांडी सरकवली त्या दिवशी अप्पा आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, आपल्या अडतीत रिकामे बसून होते. कुणी बोलावलंच नाही त्यांना.